होडीच्या कवितेचं तात्पर्य

इंग्रजांच्या राज्यात, रत्नागिरीत चौथीला शिकवताना मी एकदा स्वतःचीच कविता फळ्यावर लिहिली. दोर तोडून समुद्राकडे निघालेली होडी म्हणजे आपला देश, हे मुलांनी ओळखावं, एवढीच स्वातंत्र्याची गुप्त पत्रकं वाचत वाढलेल्या माझी इच्छा. तेवढ्यात शाळातपासनीस वर्गात आले. नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो. साहेबांनी कविता दोनदा वाचली, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि पुढे बसलेल्या, होड्या हाकणाऱ्या खारव्याच्या मुलीला विचारलं, "तात्पर्य काय गो बाय?"

"होडी नीट बांधली नव्हती, साहेब. तिचा तांडेल आळशी असणार."

सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. साहेबांनी शेरेबुकात 'शिक्षण व्यवहारोपयोगी' असं लिहिलं. नोकरी वाचली, पण मी दोन दिवस त्या पोरीशी बोललो नाही.