शनिवारचा पाहुणा

दीड महिना झाला दादाला जाऊन. तरी शुक्रवारी दुपारी अंगणाशी मोटारसायकल वाजली की मी गॅसवरचं तसंच टाकून दारात जाते... शेजारच्यांची असते.

गोवा घटकराज्य झालं त्या सुमारास माझा हा थोरला भाऊ तुयेच्या कारखान्यात लागला. बऱ्याच वर्षांनी तिथल्याच रक्तदान शिबिरात कळलं, की काविळीचा विषाणू त्याच्या यकृतात मुक्काम ठोकून बसलाय. घरची काजूची बाग, त्यात लिव्हरचं दुखणं. लोकांनी फेणीला बोल लावला. दादानं उभ्या जन्मात फेणी चाखली नव्हती!

उपचार वर्षभराचा, दर शुक्रवारी एक इंजेक्शन. वहिनीला सुई बघवेना, म्हणून तो पेडण्याला माझ्याकडे यायचा. थर्मासात बर्फ घालून आणलेलं औषध, पिशवीत चार गरम उंडे पाव. टोचायला मला नर्सबाईंनी शिकवलं होतं. त्या औषधानं संध्याकाळी थंडीताप भरायचा, शनिवार गोधडीत जायचा आणि रविवारी पेज जेवून स्वारी घरी. "शनवारचो पावणो इलो गो," असं तापाला म्हणत तो मलाच हसवायचा. खरं सांगते, त्या शनिवारची मी वाट बघायचे. लग्नानंतर भाऊ एवढा कधी वाट्याला आला होता?

डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं होतं. या औषधानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, साधी जखमही चिघळते. रविवारनंतर ताप राहिला तर तडक या. एका रविवारी तो माझ्याकडून परतला आणि बागेत काजू वेचताना पायात काटा मोडला. मंगळवारी त्याचा फोन आला.

"पावणो अजून गेलो नाय गो. पाय पण ठणकता."

"लाड करतय तेचे, मगे कसो जातलो?" मी म्हटलं. तोही हसला. इतक्या तापांची सवय झाली होती, की हा वेगळा असेल हे मनातच आलं नाही. पायाचं मी ऐकलं आणि सोडून दिलं. गुरुवारी म्हापशाच्या इस्पितळात नेलं तेव्हा जंतू रक्तात पसरले होते. दादा परतला नाही.

वहिनी मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्याची गोधडी मी अजून धुतलेली नाही. शुक्रवारी ती पसरते, पायथ्याशी बसते आणि तेव्हा विचारायचं राहिलेलं आता विचारते, "दादा, पाय दाखय मरे..."