कपाटातला कागद

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाच्या फळीवरचे जुने वर्तमानपत्र काढले. त्यावर एका उद्योगपतीचा पानभर फोटो होता, स्वतःच्या नव्या विमानाच्या पायरीवर हसणारा. तेव्हा तो पाहून मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडावी आणि त्याचे शेअर घ्यावेत, असे मला वाटू लागले होते. "विमान त्याचं, फी आपली," म्हणत बायकोने ठेवीची पावती याच कागदाखाली सारली होती.

आज फळीवर घालायला घेतलेल्या ताज्या अंकात त्याच विमानाच्या लिलावाची बातमी होती. दोन्ही पाने शेजारी धरून मी थक्क झालो. एवढे अवाढव्य विमान आले आणि गेले. खालची पावती मात्र जागची हलली नव्हती.

"अहो, विमान बघून झालं असेल तर पावती द्या इकडे," ती म्हणाली. "पोरीची फी भरायची आहे."