व्याह्यांच्या गाडीचं हेड

गाडी दारात थांबली की मिस्त्री आधी मालकाकडे बघायचेच नाहीत. बॉनेटजवळ कान नेऊन इंजिन ऐकायचे, मग स्वतःची एक नाकपुडी बोटाने दाबायचे, दुसरीने खस्सकन श्वास ओढायचे आणि म्हणायचे, “असं झालंय बघा हिचं. नाक चोंदलंय. मोकळं करतो की.”

नवा माणूस दचकायचा. मी दचकत नसे. उद्यमनगरात माझं गॅस्केट आणि ऑइल सीलचं दुकान आहे, आणि त्यांची नि माझी भिंत एकच होती. त्यांच्या ग्राइंडरची किरकिर दिवसभर ऐकून मला शेवटीशेवटी ती बंद पडली की चुकल्यासारखं व्हायचं.

टर्बो नसलेल्या साध्या इंजिनात हवा कोणी आत ढकलत नाही. पिस्टन खाली जाताना जेवढी ओढली जाईल तेवढीच आत येते. ती ज्या वाटांनी येते ते पोर्ट हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर बसवलेल्या ओतीव ठोकळ्यात असतात. कारखान्यातून येताना त्यांच्या आत ओतकामाची खरखर राहिलेली असते, कुठे कड पुढे आलेली असते. मिस्त्री ती घासून काढायचे. त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी वेगळीच पळायची, हे त्यांचे वैरीसुद्धा मान्य करत. वैरी बरेच होते, कारण मिस्त्री नम्र वगैरे अजिबात नव्हते.

“आपला हात चुकत न्हाय,” हे ते दिवसातून इतक्या वेळा म्हणायचे की त्यांनी स्वतःही ते ऐकणं सोडून दिलं असावं. कॅरममध्ये सोंगटी हुकली तर बोर्ड वाकडा असायचा. चहा सांडला तर कपाची कड खराब असायची. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच, आणि तुम्हीही त्याला हसून सोडून दिलं असेल.

एका बाबतीत मात्र ते कडक होते. कोणी म्हणालं, “मिस्त्री, पोर्ट चांगलं मोठं करा,” की त्याला बाहेर नेऊन शेजारच्या अरुंद बोळाच्या तोंडाशी उभं करायचे. “हितं वारं कसं अंगावर येतंय? आणि मैदानात? मैदानात ते लोळत पडतंय. वाट रुंद केली की वारं आळशी होतंय. इंजनाला पळतं वारं लागतंय, पावणं.” एवढं सांगून ते त्याला हाताला धरून परत आत आणायचे.

मिस्त्रींच्या मुलीचं लग्न जयसिंगपूरला झालं. व्याही सधन शेतकरी, जावई शाळेत मास्तर, अगदी मवाळ माणूस. व्याही जेवायला आले की मिस्त्री ताटाशी उभेच राहायचे. व्याह्यांनी नको नको म्हणत ताटावर आडव्या धरलेल्या हाताच्या फटीतून पोळी आत सरकवायचे. अशाच एका जेवणात व्याही सहज बोलून गेले की त्यांची जुनी पेट्रोल गाडी हल्ली मलूल वाटते. मिस्त्रींनी तिथेच नाकपुडी दाबून दाखवली. विहीणबाई पदराआड हसल्या.

त्या हेडवर मिस्त्रींनी जेवढं काम केलं तेवढं कोणाच्या हेडवर केलं नसेल. मी अधूनमधून डोकावायचो. घासलेलं पुन्हा घासत होते. “बास की आता,” मी म्हणालो. “व्याह्याची गाडी हाय, गॅस्केट,” ते मला म्हणाले. मला ते गॅस्केटच म्हणायचे. “हात आखडून चालतंय व्हय?” थोडक्यात, त्यांनी इंजिनालाही व्याह्यांसारखंच वाढलं. पोर्टची भोकं हातभर रुंद केली म्हणावं अशी मोठी झाली आणि आतून आरशासारखी चकचकू लागली. हेड चढवून आम्ही हायवेने कागलपर्यंत जाऊन आलो. गाडी अशी सुटली की मिस्त्री सीटवर मांडी ठोकून हसले.

मग सगळ्यांनी पन्हाळ्याला जायचं ठरलं. जावई गाडी चालवायला, शेजारी मिस्त्री, मागे व्याही, विहीणबाई, मुलगी आणि आग्रहाने कोंबलेला मी. सपाटीवर मिस्त्री माझ्याकडे वळून वळून भुवया उडवत होते. चढ लागला आणि गाडीने दम टाकला. दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरली, पहिल्यात आचके दिले आणि वळणावरच बंद पडली. मागे एसटी भोंगा वाजवत उभी राहिली. आम्ही सगळे उतरलो. विहीणबाई नवी साडी सावरत, धापा टाकत चालू लागल्या.

“असूंद्या वो,” व्याही म्हणाले. “वजन बी लई झालंय.”

तेवढ्यावर भागलं असतं. पण मिस्त्री बोलले. “वजनाचं न्हाय, पावणं. जावईबापू क्लचवर पाय ठिऊन चालवत्यात. मास्तर माणूस, तेंचा काय दोष?”

व्याही मोठ्याने हसले. “मास्तर, गाडी म्हंजे फळा न्हवं!” एसटीतले चार लोकही हसले. जावयाचे कान लाल झाले. मान हलवून त्याने ते कबूलच केलं. मुलगी रस्त्याच्या कडेला उभी होती. ती ग्राइंडरच्या आवाजात वाढलेली. तिला इंजिन ऐकूनच कळलं होतं. तिने वडिलांकडे पाहिलं आणि नजर दरीकडे वळवली. मला मिस्त्रींची लाज वाटली. दुसऱ्याची लाज अशी आपल्या तोंडाला फासली जाते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

पुढे बरेच दिवस नाकपुडीचा खेळ बंद होता. मग एका दुपारी मिस्त्री माझ्या काउंटरला टेकले. “गॅस्केट, हात चुकला.”

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

“लई मोठं केलं पोर्ट. इंजन जोरात फिरतंय तवा गाडी पळतीया, चढाला हळू फिरतंय तवा दमच न्हाय. सगळ्या जगाला बोळ दावतो आन् व्याह्याला मैदान करून दिलं मी.” थांबून म्हणाले, “ते जाऊंदे. लोखंड घासल्यालं परत भरत न्हाय, पर दुसरं हेड मिळंल. त्या पोराच्या गळ्यात घातलं ते कसं काढू?” त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी खिशातला काळा रुमाल काढला आणि तोंडभर ऑइल फासून घेतलं.

त्यांनी तसलंच एक जुनं हेड शोधून आणलं. त्यावर काम अगदी बेताचं केलं. खरखर काढली, व्हॉल्व्हजवळची कड मोडली आणि हात मागे घेतला. गॅस्केट घेऊन मीही त्यांच्याबरोबर जयसिंगपूरला गेलो. अंगणात हेड बदललं. इंजिन सुरू झालं तेव्हा मलासुद्धा फरक कळला. व्याह्यांनी खुशीने किल्ली मुलापुढे धरली.

जावई दोन पावलं मागे सरला. “बाबा, धाकट्याला द्या. माझा पाय क्लचवर पडतो.”

पन्हाळ्यापासून त्याने गाडीला हात लावला नव्हता. कुठेही जायचं तर धाकटा भाऊ चालवायचा आणि हा बायकोशेजारी मागे बसायचा. हे आम्हाला तेव्हा, तिथे कळलं. मिस्त्रींच्या हातातला पाना खाली पडला.

“पावणं, ऐका,” ते म्हणाले. “जावयाचा पाय न्हवता तो. माझा हात चुकल्याला. मी खोटं बोललो.”

 मग व्याह्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “बघा! जावयाचा मान कसा राखत्यात! तुमचा हात चुकतोय व्हय मिस्त्री? तुमीच सांगतासा की कायम.”

“असा सासरा मिळायला भाग्य लागतंय,” विहीणबाई म्हणाल्या.

“देवाशपथ, मीच बिघाडलीती गाडी!” मिस्त्री ओरडले. ते जितके ओरडले तितकं त्यांचं कौतुक झालं. शेवटी जावयाने हात जोडले. “मामा, माझ्यासाठी तुम्ही कमीपणा घेऊ नका. मला वाईट वाटतं.”

मिस्त्री एवढेसे झाले. मुलगी दारात आली. “बाबा, जेवाय चला,” एवढंच म्हणाली. त्या जेवणात व्याह्यांनी त्यांना आग्रह करकरून वाढलं आणि त्यांनी मान वर न करता, ताटावर हात आडवा न धरता, सगळं खाल्लं.

मी एकदा जावयाला बाजूला घेऊन सांगून पाहिलं. “काका, तुम्ही त्यांचे मित्र,” तो हसून म्हणाला. बायकोचंही त्याला सांगून झालं होतं. ती बापाची आणि नवऱ्याची दोघांचीही बाजू सांभाळते आहे, असा त्याचा समज झाला.

ते बिघडलेलं हेड मिस्त्रींनी दुकानाच्या दर्शनी भिंतीला टांगलं. शिक्षा म्हणूनच टांगलं असावं. पण झालं असं की येणारा प्रत्येक जण त्यात तोंड बघून म्हणायचा, “वा मिस्त्री, काय चकाकतंय!” ते वैतागायचे, “बिघाडल्यालं हाय वो ते, मी बिघाडलंय!” माणसं हसायची. “आपला हात चुकत न्हाय” हे वाक्य मात्र पुन्हा माझ्या कानावर आलं नाही.

व्याह्यांची गाडी सणावाराला यायची. ती कोपऱ्यावर दिसली की मी भिंतीवर ठोकून “मिस्त्री, बाहेर या” म्हणायचो. ते चष्मा कपाळावर सरकवून दारात यायचे आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार बघत राहायचे. धाकटा भाऊ उतरायचा. मिस्त्री सगळ्यांना हसून या या म्हणायचे. रात्री जाताना जावयाला म्हणायचे, “जावईबापू, जरा कोपऱ्यापतुर तरी न्या की तुमी.” जावई नम्रपणे नको म्हणायचा. एवढ्या वर्षांत मिस्त्री हरले तो हा एकच आग्रह.

गेल्या दसऱ्याच्या आधी मिस्त्री गेले. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांचं घर त्यांच्या दुकानाच्या मागेच. आत माणसं बसली होती. येणाऱ्यांना वाट दाखवायला मी माझ्या दुकानाच्या दारात उभा होतो.

व्याह्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली. धाकटा भाऊ परगावी होता, हे मला नंतर कळलं. शेजारच्या सीटवर मुलगी होती, चेहरा पदरात. गाडी थांबली आणि ड्रायव्हरच्या बाजूने जावई उतरला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पायात घरातल्या सपाता.

माझा हात भिंतीवर गेला. मी ठोकलं आणि मोठ्याने म्हणालो, “मिस्त्री, बाहेर या.”