दुशित्साचा खड्डा

दुशित्सा ही आमच्या शेजारच्या तिहोमिरकाकांची सून. लग्नाआधी बेलग्रेडला मंत्रालयात होती. सर्बियाला युरोपीय संघात जायचं तर आपले कायदे त्यांच्या कायद्यांशी जुळायला हवेत. त्यातले पाण्याचे आणि कचऱ्याचे कायदे जुळवायचं काम तिच्याकडे होतं. डावीकडे त्यांचं कलम, उजवीकडे आपलं, आणि शेवटी शेरा: पूर्ण जुळतं, अंशतः जुळतं, जुळत नाही. ती सवय घेऊनच ती सासरी आली. पहिल्याच आठवड्यात काकांनी विचारलं, घेवड्याचं कालवण कसं झालंय? "अंशतः," ती म्हणाली. गाव अजून हसतं.

पुढे ती आमच्या नगरपालिकेत पर्यावरण निरीक्षक झाली आणि पंचाईत सुरू झाली.

काकांची राकियाची, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूची, भट्टी आहे. शरद ऋतूत सगळं गाव आपापले आंबवलेले आलुबुखार घेऊन तिथे जमतं, निखाऱ्यात बटाटे भाजतं, पहिली धार कोमट असतानाच चाखतं. उरलेली गरम मळी ओढ्यात जाते. मग मासे पोट वर करून तरंगतात.

"मेले नाहीत, चढलीय त्यांना," काका दरवर्षी म्हणायचे, आणि आम्ही दरवर्षी हसायचो.

मळी ओढ्यात सोडायची नाही, हा नियम आपल्या भाषेत आणला तो दुशित्सानेच. बेलग्रेडला बसून तिला वाटलं होतं, हे मोठ्या कारखान्यांसाठी असणार.

बाकीचे भट्टीवाले तिला म्हणाले, "आधी सासऱ्याची बंद कर, मग आमच्या दारात ये." आणि काकांनी जेवताना सांगून टाकलं, "माझी भट्टी बंद करणारं माणूस माझ्या टेबलावर जेवणार नाही." तिच्या नवऱ्याला, रादेला, नेमकं तेव्हाच व्हिएन्नाचं भाडं मिळालं. ट्रक घेऊन तो गेलासुद्धा.

घर आणि भट्टी यांच्यामध्ये फक्त अंगण. तरी ती ऑफिसला गेली आणि सरकारी गाडीतून परत आली. राकिया न्यायला आम्ही भट्टीपाशी कॅन घेऊन उभेच होतो.

"नमस्कार. आपणच का तिहोमिर योविच?"

काकांनी सावकाश चष्मा पुसला. "ओळखपत्र दाखवा बाई. हल्ली कोणीही येतं."

तिने दाखवलं. त्यांनी फोटो बघितला, तिचा चेहरा बघितला, पुन्हा फोटो बघितला. "फोटोत बऱ्या दिसता."

"मळी कुठे जाते?"

"आजोबांच्या वेळी जायची तिथेच."

"मग भट्टी बंद. ओढ्यापासून लांब खड्डा खणा, तो बघून चालू करायला देईन."

दारावर सील लागलं, गाडी गेली. आमची आलुबुखारांची पिंपं घरी आंबतच होती.

संध्याकाळी ती कामावरून आली, गमबूट चढवले आणि फावडं घेऊन बागेमागे गेली. काका खिडकीत बसून एकटेच जेवले. मी तिला पाव आणि चीज नेऊन दिलं.

"अगं, एखादा गडी तरी बोलव!"

"काकू, निरीक्षकाचं काम झालं. आता सासऱ्यांची अडचण आहे, ती सुनेनेच बघायची ना?"

बरेच दिवस ती खणत होती. घरात बोलणं नाही, जेवण वेगळं. काका रोज खिडकीतून बघायचे, आणि तिने वर बघितलं की पडदा ओढायचे.

मग पुन्हा सरकारी गाडी आली. दुशित्साने उतरून खड्ड्यात काठी घातली. "वीतभर कमी आहे. अंशतः जुळतो. कोणी खणलाय?"

"माझ्या सुनेने."

"कामचुकार दिसते."

काका खुर्चीतून उठले. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "हे बघा बाई, मळीबद्दल काय लिहायचं ते लिहा. पण माझ्या अंगणात उभं राहून माझ्या सुनेला नावं ठेवायची नाहीत. दिवसभर ऑफिसात राबून येऊन खणलाय तिने."

दुशित्सा हातातल्या कागदाकडेच बघत राहिली. "नोंद घेते," कसंबसं म्हणाली.

"घ्या. आणि बाजूला व्हा, बूट मळतील." काकांनी फावडं उचललं.

संध्याकाळी सील निघाल्यावर मी कॅन घेऊन गेले तेव्हा दोघं एकाच टेबलावर जेवत होती.

"कसं झालंय?" काकांनी विचारलं.

"पूर्ण जुळतंय," ती म्हणाली, आणि मीठ मागितलं.