तुळईवरचं वाळवण

लोखंडी पुलाच्या तुळईवर मी एकदा मिरच्या वाळत घातल्या. त्याही मीठ-ताकात मुरवलेल्या! तेव्हा मी स्वतःला अख्ख्या शिवारात हुशार समजायची. नात हे ऐकून पोट धरून हसते. हसू दे, तेव्हाच्या त्या बाईला मीही हसते.

मालेगावकडे जाणाऱ्या हायवेवर पुलाला लागूनच आमची भाजीची वाडी. पुलाच्या सांध्यांतून पाणी झिरपून तुळयांची टोकं गंजली होती, पापुद्रे सुटले होते. दुरुस्तीची टोळी आली आणि आमच्या यजमानांना रंगकामाला घेतलं. विहीर आटत चाललेली, त्यामुळे त्यांचा सगळा जीव या कामात. काम चोख केलं तर मुकादम पुढच्या पुलावरही नेणार होता.

यंत्राने खर, म्हणजे बारीक टोकदार कण, जोरात मारून गंज काढला की लोखंड चांदीसारखं उजळतं. त्यावर त्याच दिवशी प्रायमर बसायला हवा, नाहीतर ते पुन्हा गंजतं. हे यजमानांनी मला जेवताना सांगितलं होतं. मी मान डोलावून भाकरी वाढली होती.

दुपारी टोळी जेवायला बसली. सकाळीच खर मारलेली काठाजवळची तुळई हाताला येईल इतकी खाली होती. स्वच्छ, तव्यासारखी तापलेली, वर धूळ नाही, कोंबड्या नाहीत. आमच्या अंगणात दोन्ही भरपूर. मला वाटलं, सरकारने माझ्या वाळवणासाठीच घासून ठेवली!

थोड्या वेळाने मिरच्या परतायला गेले, तर प्रत्येक मिरचीखाली गंजाची तांबडी मिरची उमटलेली. मी घाबरून ओल्या पदराने पुसायला लागले. डाग आणखीच पसरले. तेवढ्यात यजमान आले.

"काय करून राह्यली व तू?"

"पुसून राह्यली."

"मीठ हाय काय त्याच्यात?"

"मग मिरचीले काय साखर लावतात?"

ते भराभर मिरच्या गोळा करायला लागले. मुकादम धावत आला. यजमान म्हणाले, "मीच सांगतलं होतं तिले, इथं टाक म्हून."

"खोटं बोलून राह्यले ते," मी म्हटलं. "माह्यीच अक्कल हाय ही."

मुकादमाने कपाळाला हात लावला. "वयनी, याच्यावर रंग मारला तं खालून मीठ लोखंड खाईन. वरतून रंगाले पुरीवानी फोड येतीन."

मग काय, विहिरीतल्या उरल्यासुरल्या पाण्याच्या घागरी मी वाहिल्या, यजमानांनी तुळई धुतली. हवेच्या नळीने ती सुकवली, पुन्हा खर मारला. मुकादमाने मीठ तपासायची कागदी पट्टी लावून ते उरलं नाही ना याची खात्री केली. दिवस बुडायच्या आत प्रायमर बसला.

सगळे हात धूत होते. यजमानांना विचारायचा धीर होईना, म्हणून मीच तोंड उघडलं, "भाऊ, पुढच्या पुलावर न्याल ना ह्यायले?"

मुकादम म्हणाला, "नेतो ना! पण वयनी, ते काम उरकेपर्यंत तुमी माहेरी राहा."