काउंटेसबाईंची बदली

इस्तंबूलच्या पेरा भागात आम्हा गरीब आर्मेनियन बायकांसाठी एका परदेशी राजदूताच्या पत्नीनं, काउंटेस लेओनीबाईंनी, लेस विणायची शाळा काढली होती. तिथे माझ्या शेजारी अराक्सी बसायची. तिचा नवरा हागोप छापखान्यात होता. कुठल्याशा पत्रकावरून सुलतानाच्या शिपायांनी त्याला उचललं. बाईंनी एका मेजवानीत सुलतानाच्या एका पाशाच्या, म्हणजे बड्या अधिकाऱ्याच्या, कानावर गोष्ट घातली आणि हागोप सुटून घरी आला.

अराक्सी म्हणाली, "बाई, तुमच्या शब्दाला केवढं वजन!"

"ते माझ्या नवऱ्याच्या खुर्चीचं वजन आहे गं," बाई म्हणाल्या.

वसंतात राजदूताची बदली झाली, बाईही गेल्या. लगेच हागोपला पुन्हा पकडलं. अराक्सीनं नव्या राजदूताच्या बायकोचे पाय धरले.

"तुझी लेस सुरेख आहे, मी नक्की घेईन," ती मऊ आवाजात म्हणाली. "पण असल्या भानगडीत मी पडत नाही."

हागोप परत आला नाही. त्याला कुठे पुरलं, तेही कुणी सांगितलं नाही. अराक्सी मात्र शाळेत येऊन मुकाट्यानं विणत राहिली.

"अगं, एकदा रडून तरी घे," मी म्हटलं.

"लेसवर डाग पडतील, ताई."

त्या हिवाळ्यात तिनं विणलेले पडदे नव्या बाईंच्या दिवाणखान्यात लागले.