फाटक्या जाळीतून गेलेला गोल

मार्टिन गिलनचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. नव्या वेम्बली स्टेडियमच्या बांधकामावर आम्ही एकाच टोळीत होतो. तो फावड्यावर टेकून उभा राहिलेला मी कधी पाहिला नाही.

तो आयर्लंडमधल्या मेयो काउंटीचा. त्याचा मुलगा ओवेन मात्र लंडनमध्ये जन्मलेला, आणि हातापायांनी खेळायच्या आयरिश फुटबॉलमध्ये लंडनचा गोलकीपर. लंडन बहुतेक वेळा हरायचं. त्या मे महिन्यात मेयोचा बलाढ्य संघ लंडनमधल्या रायस्लिपच्या मैदानावर खेळायला आला.

"आज मी तुझ्या बाजूने," मार्टिनने मुलाला शब्द दिला होता. आम्ही दोघं मुद्दाम त्याच्या गोलामागे उभे राहिलो.

मेयोने गोल मारला. जाळी फाटकी होती, त्यामुळे चेंडू थेट आमच्या पायाशी आला. तो घ्यायला ओवेन वळला, तेव्हा बापाचे दोन्ही हात आनंदाने वर गेलेले होते.

मार्टिनने ते खाली घेतले. चेंडू उचलून देताना त्याने मान वर केली नाही.

"गोल चांगला होता ना, डॅड?" एवढं बोलून ओवेन वळला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "गावी कधी निघतोस?"

"यंदा नाही जात."

प्रवासासाठी पगारातून बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्याने गोलाची नवी जाळी घेतली. बांधलीही स्वतःच, प्रत्येक गाठ दोनदा ओढून.